तेलकट हात आणि बोलणारा फोन: माझा अनुभव

लेथवर (लोखंड फिरवत ठेवून कापायचं मशीन) काम करणाऱ्या माणसाला फोन म्हणजे डोक्याला ताप. हात कायम तेलात नाहीतर कूलंटमध्ये, स्क्रीनला बोट लावलं की टच लागत नाही, अंगठ्याचा ठसा तर दिवसभरात एकदाही घेत नाही, आणि हातमोजे घालून लेथ चालवायचं नसतं (मोजा फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर कापायला लावलेल्या तुकड्यात, अडकला तर बोट गेलंच समजा, हे पहिल्या दिवशी शिकवतात), म्हणजे प्रत्येक फोनला मशीन बंद करा, कॉटन वेस्टनं (सुताच्या चिंध्यांनी) हात पुसा, फोन उचला, तोवर समोरच्यानं कट केलेला असतो.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. जॉबवर्क करतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून बुश, शाफ्ट, फ्लँज, पुली असले मशीनचे भाग करून देतो. गिऱ्हाईक शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीकडचं. पूर्वी माणूस ड्रॉइंग घेऊन यायचा, चहा व्हायचा, रेट ठरायचा. आता ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पडतं आणि पाच मिनिटांत 'बघितलं का?' म्हणून मेसेज येतो, आणि आपण इकडं जॉबवर फायनल कट घ्यायलोय. भाचा सुट्टीला आला होता तो म्हणाला मामा तुम्ही बोलून का करत नाही सगळं, फोनमध्ये बोललेलं ऐकून काम करणारा असिस्टंट फुकट पडून आहे. मला वाटलं ही पोरांची थेरं. पण तो चिकटून बसला म्हणून म्हटलं बघू तरी. माझ्या फोनवर कुठला असिस्टंट आहे ते लिहीत नाही, नाहीतर माझंच भारी तुझंच भारी सुरू होतं, आणि माझ्या अडचणी बऱ्याचशा आमच्या आवाजाच्या, बोलण्याच्या आणि धंद्याच्याच होत्या.

पहिलं काम भाषेचं. ॲपलचं असिस्टंट सिरी आयफोनवर 2011 ला आलं तेव्हा मराठीचा पत्ता नव्हता. बोलून मराठी टाइप करायची सोय गूगलनं 2017 ला दिली, त्यांच्या असिस्टंटला मराठी 2018 पासून येतं. म्हणजे सोय जुनीच आहे, आपणच वापरत नाही. सेटिंगमध्ये दोन वेगवेगळ्या जागा असतात हे मात्र लक्षात ठेवा, असिस्टंटची भाषा वेगळी आणि कीबोर्डवरच्या माइकची भाषा वेगळी. भाच्यानं असिस्टंट मराठीत टाकला तरी मेसेज लिहिताना सगळं इंग्रजीतच उमटत होतं, 'job zala' असलं काहीतरी भलतंच, मग कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी घातल्यावर देवनागरीत यायला लागलं.

मग आवाजाची ओळख करून द्यायची असते, असिस्टंटला जागं करायला हाक मारायचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. ते आम्ही घरी हॉलमध्ये शांतपणे केलं, लगेच झालं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात फोन ठार बहिरा! शेजारी ग्राइंडर, मागं कॉम्प्रेसर, आमचं लेथ, समोर कोण तरी पत्रा बडवायलंय. मी ओरडायलोय, फोन ढिम्म. शेजारचे आण्णा येऊन विचारायला लागले, 'कुणावर वरडायलाईस सकाळी सकाळी?'

मार्ग निघाला तो हेडसेटचा, आणि यात थोडं सविस्तर सांगतो कारण आमच्यासारख्यांना हेच उपयोगी पडेल. वायरचा इअरफोन लेथजवळ नकोच, वायर लोंबकळते आणि फिरत्या जॉबला गुंडाळली गेली तर मान ओढली जाईल. गळ्यातला नेकबँडपण त्याच कारणानं बाद, वाकलं की पुढं येतो. एका कानाचा ब्लूटूथ घेतला, माइकची दांडी तोंडाकडं येणारा, ड्रायव्हर लोक वापरतात तसला. दुसरा कान मोकळा पाहिजेच, मशीनचा आवाज बदलला की टूल (कापायचं पातं) गेलं हे कानालाच कळतं. माइक तोंडाजवळ आल्यावर एकदम फरक पडला, गोंगाट तेवढाच होता पण माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा जायला लागला. हाक मारायची भानगडच बंद केली, हेडसेटवरचं बटण दाबून धरलं की असिस्टंट सुरू होतो आणि ते बटण बोटाच्या मागच्या पेरानं दाबता येतं, तेल लागत नाही.

पुढची अडचण पाटील. कोल्हापुरात कुणाच्याही फोनमध्ये बघा, निम्मे पाटील असतात. 'पाटलांना फोन लाव' म्हटलं की काहीच सापडायचं नाही, 'कॉल पाटील' म्हटलं की अख्खी यादी वाचत बसायचा. मग एक रविवार बसून नावंच बदलली. पाटील कागल, पाटील फाउंड्री, पाटील टेम्पो, पाटील सोसायटी. इंग्रजीत सेव्ह केलेली काही देवनागरीत केली, काहींची स्पेलिंगं सरळ केली, दोन सारखी नावं राहू दिली नाहीत. कंटाळवाणं काम आहे पण केल्याशिवाय बोलून फोन लावायच्या नादाला लागू नका. आणि वाक्य छोटं ठेवायचं. 'अरे जरा त्या कागलच्या पाटलांना लावून दे की' असं माणसाला चालतं, याला 'कॉल पाटील कागल', बास.

आता आकडे. माझा धंदाच आकड्यांचा, त्यामुळं इथं मी जास्त डोकं घातलं. मायक्रोमीटरचं (बारीक माप घ्यायचं साधन) रीडिंग बोलायचं आणि फोननं लिहून घ्यायचं, एवढं जमलं तरी जिंकलो असं वाटत होतं, कारण एका लॉटचे पन्नास बुश मोजताना दर वेळी हात पुसून वहीत लिहायचं म्हणजे वही बघवत नाही शेवटी. मराठीत एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हटलं की गोंगाटात गडबड व्हायची. आकडे सुटे म्हटले, चार नऊ पॉइंट नऊ आठ, की बरं यायचं. आम्ही तसंही निम्मं इंग्रजीतच बोलतो, 'फोर्टी नाइन पॉइंट नाइन एट' हे सगळ्यात बिनचूक उमटायचं. तरीपण फायनल साइझ मी त्याच्या भरवशावर कधीच ठेवली नाही. 49.98 च्या जागी 49.88 लिहिलं गेलं तर कागदावर एका आकड्याचा फरक आणि जॉब भंगारात. रीडिंग नोंदवायला फोन, कापायची साइझ अजून खडूनं फळ्यावर.

हिशेब मात्र झकास करतो. पावणेदोन इंच न म्हणता 'एक पॉइंट सात पाच इंच म्हणजे किती मिलीमीटर' विचारलं की 44.45 लगेच. स्पिंडलचे (जॉब फिरवणारा दांडा) मिनिटाचे फेरे काढायचे असले, समजा 50 मिलीमीटरचा जॉब आणि कटिंग स्पीड मिनिटाला 30 मीटर, तर 'तीस हजार भागिले एकशे सत्तावन्न' (30 मीटरचे मिलीमीटर, भागिले 50 गुणिले 3.14) एवढं विचारायचं, 191 येतं, मग मशीनवर त्याच्या जवळचा गिअर टाकायचा. डोक्यात होत नाही असं नाही, पण संध्याकाळी सहानंतर डोकं चालत नाही. फक्त 'सूत' त्याला कळत नाही. आमच्यात अजून जुनी माणसं 'दीड सूत काढ' म्हणतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलीमीटर. मी 'दीड सूत म्हणजे किती मिलीमीटर' विचारलं तर त्यानं सुती कापडाची दुकानं दाखवली. लक्ष्मीपुरीतली होती, जवळची तरी होती.

मेसेजचं काय झालं ते सांगतो. एका गिऱ्हाइकाला कळवायचं होतं की फ्लँज चार नग तयार आहेत, सकाळी घेऊन जावा. मी बोललो, मेसेज गेला, 'फळांचे चार नग तयार आहेत सकाळी घेऊन जावा'. पलीकडनं उत्तर, 'मालक, फळांचा धंदा कधी काढलासा? हापूस असला तर दोन पेट्या ठेवा.' अजून तो माणूस आला की पहिल्यांदा आंब्याचा रेट विचारतो. बुशचं कधी खूश होतं, चकचं (जॉब धरायचा पंजा) चेक होतं. आणि आमचं 'करायलोय', 'आलायसा', 'घेतलासा' हे तर सुधारून पुण्याचं करून टाकतो किंवा भलतंच काहीतरी. त्यामुळं धंद्याचे शब्द मी कीबोर्डच्या डिक्शनरीत घातले, म्हणजे टाइप करताना तरी पुढं सुचतात, आणि बोलताना जरा थांबून 'फ्लँज' स्पष्ट म्हणतो. फुलस्टॉप स्वल्पविराम काही पडत नाहीत, लांबलचक एकच वाक्य जातं, पण वर्कशॉपच्या मेसेजमध्ये फुलस्टॉप कोण बघतंय.

एवढं असूनही मला विचाराल तर खरी किंमत या बोलून टाइप करण्याचीच आहे. असिस्टंट म्हणजे गाणी लाव, जोक सांग, हवामान सांग, हे चार दिवसांचं खेळणं. मराठी टायपिंग मला कधीच जमलं नाही, मी आजवर 'ok', 'ho', अंगठा यावर दिवस काढत होतो. आता चार ओळींचा मेसेज जातो, रेट का वाढला, मटेरियल कुठलं, डिलिव्हरी कधी. लेखी राहतं त्यामुळं 'तुम्ही असं म्हणाला नव्हता' हे भांडण कमी झालं. दुसरं म्हणजे आठवण. 'साडेपाचला टेम्पोवाल्याला फोन करायची आठवण कर' हे मशीन न थांबवता होतं. जीएसटी रिटर्नच्या 11 आणि 20 तारखेच्या आदल्या दिवसाची आठवण लावून ठेवलीय, त्यामुळं अकाउंटंटचा फोन यायच्या आधी बिलं त्याच्याकडं गेलेली असतात.

घरी आईनं याचा वेगळाच वापर काढला. तिला बारीक अक्षर दिसत नाही, भजनं बोलून लावायला दोन दिवसांत शिकली, माझ्यापेक्षा लवकर. पण पावसाळ्यात ती पंचगंगेची पातळी विचारायला लागली तिथं मी थांबवलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहे, 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला तर जुलै लागला की झोप नसते. एका संध्याकाळी आई म्हणाली, 'अरं, धोक्याच्या वर गेलं की पाणी, बाईनं सांगितलं फोनमधल्या.' बघितलं तर आदल्या वर्षीची बातमी वाचून दाखवलेली. छापील बातमीवर तारीख दिसते, ऐकताना तारीख कुणाच्या लक्षात येते? तेव्हापासून पाण्याचा आकडा फक्त जिल्हा प्रशासन रोज देतं तोच घरात धरायचा असं ठरवलं. आईचं म्हणणं 'मग ती बाई काय कामाची', यावर माझ्याकडं उत्तर नाही.

माइक सतत चालू ठेवण्याबद्दल बायकोचा आक्षेप होता, 'अहो, ते सगळं ऐकतंय म्हणे.' थोडं वाचून काढलं. हाक ओळखायचं काम साधारणपणे फोनच्या आतच होतं, हाक कळली की पुढचं बोलणं बहुतेक वेळा सर्व्हरवर जातं. घोळ होतो तो हाक मारलेली नसताना मारली असं वाटलं की. 2019 ला बातम्या आल्याच होत्या की मोठ्या कंपन्यांची कंत्राटी माणसं काही रेकॉर्डिंग ऐकून तपासत होती, आणि 2025 च्या सुरुवातीला सिरीनं लोकांचं खासगी बोलणं ऐकल्याच्या दाव्यात ॲपलनं आरोप न मानता 9.5 कोटी डॉलरवर तडजोड केल्याचंही आलं. माझ्याकडं गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं, रेट यावर दिवसभर बोलणं चालतं, त्यामुळं हाक बंद आणि बटण चालू हेच बरं पडलं. अँड्रॉइड 12 पासून माइक चालू असला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, ती आता बायकोच जास्त बघते. पैशाचे व्यवहार बोलून करायची सोयपण 2023 मध्ये आली, पण त्या वाटेला मी गेलो नाही, जाणारपण नाही. पैसे हात धुऊन, चष्मा लावून.

भाच्यानं जाता जाता नवीन एआयवालापण दाखवला, गूगलचा जेमिनी लाइव्ह वगैरे, त्यात 2024 पासून मराठीत गप्पा होतात. बोलतो छान, सूत म्हणजे काय तेपण त्याला समजावून सांगता येतं. पण मशीन चालू असताना मला गप्पा नको असतात. फेरे विचारले की टूल कुठलं, मटेरियल कुठलं, सुरक्षेची काळजी घ्या, असं लांबण लावतो आणि इकडं कट संपलेला असतो. संध्याकाळी खुर्चीत बसून विचारायला चालेल.

शेजारच्या आण्णांनीपण आता हेडसेट मागवलाय. त्यांना एवढंच सांगितलंय की घेताना बटण मोठं आणि वर आलेलं बघून घ्या, टचवाला अजिबात घेऊ नका, नाहीतर परत तेच, आधी हात पुसा मग बोला. आणि पाटलांची नावं आधी बदला. त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त आहेत.