डाव्या दंडात द्या

मी साखर कारखाना पट्ट्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. डिसेंबरातली गोष्ट, गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरलेली, सगळी बीडकडची माणसं. आशाताईंनी सर्व्हे केला तर एक गरोदर निघाली, पाचवा महिना, नोंदणीच नाही. धनुर्वाताच्या लसीसाठी दोन सेशनला निरोप दिला, आली नाही. रजिस्टरमधे "नकार" लिहून मोकळं होता आलं असतं, पण आमचं सेशन दुपारी अंगणवाडीत आणि ही पहाटे चारला उसाच्या फडात, ती येणार कधी? मग मेडिकल ऑफिसरांना विचारून संध्याकाळी लसीचा कॅरिअर घेऊन आम्हीच कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर गेलो.

पोरगी विशीतली. कोपीबाहेर पिठाची परात घेऊन बसलेली. इंजेक्शन म्हणताच मान हलवली. मला वाटलं नेहमीचं असेल, सुईनं बाळ पडतं वगैरे, ते समजवायची तयारी करूनच गेले होते. ती म्हणाली, "बाई, मागल्या टायमाला घेतलं तं दंड दगडावानी झाला. दोन दिस मोळी उचलना. खाडा पडला, मुकादमानं पैसे कापले." घरून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, एक जण बसला की दोघांची मजुरी बुडते. याला अज्ञान कसं म्हणायचं?

मागचं पोरगं अडीच वर्षांचं. त्या वेळचं कार्ड असतं तर काम सोपं होतं, कारण तीन वर्षांच्या आत आधीच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील तर एक बूस्टर पुरतो. पण कार्ड गावाकडं पेटीत आणि तिला आठवेना एक घेतलं का दोन. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, टीडीचा पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी. (टीटी जाऊन आता टीडी आलीय, धनुर्वातासोबत घटसर्पाचंही त्यातच, पण बाया अजून टीटीच म्हणतात.)

सासू बाजूला वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. खरं सांगते, मला तिचीच धास्ती होती. मी सुनेला सांगत होते की ही लस तुझ्यातून बाळाला मिळते, जन्मल्यावर नाळेतून धनुर्वात होऊ नये म्हणून, बाळाचं तोंड मिटतं, दूध ओढता येत नाही. सासूचे हात थांबले.

"माझं दुसरं लेकरू असंच गेलं. सातव्या दिशी. दूधच वढंना, धनुष्यावानी वाकलं. सटवीनं नेलं म्हन्ले समदे."

मी विचारलं, नाळ कशानं कापली होती? "विळ्यानं. वर शेन लावलं व्हतं."

मला काही बोलताच येईना. 2015 साली आपल्या देशात माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, पण निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी केस, जंतू मातीत आणि शेणात आहेतच, ते कुठं जात नाहीत. आणि इथं ही बाई इतकी वर्षं सटवीवर बोट ठेवून बसलेली. मी एवढंच म्हणाले, "मावशी, ती सटवी नव्हती."

बराच वेळ ती पेंढीकडंच बघत राहिली, मग सुनेला म्हणाली, "घे. दोन दिस तुझ्या मोळ्या मी उचलीन."

पोरीनं हात धुतले, बाही वर केली. "डाव्या दंडात द्या. उजव्यात कोयता असतोय." अर्धा मिली, क्षणाचं काम. अर्धा तास बसून राहा म्हणाले तर ती चुलीपुढं बसली न भाकरी थापायला लागली, मी तिथंच थांबून बघत राहिले, चक्कर येत नाही ना. दुखलं तर पॅरासिटामॉल घे म्हणून गोळ्या दिल्या, नवीन कार्ड केलं, पुढची तारीख लाल पेनानं लिहिली.

चार आठवड्यांनी गेले तर कोप्या मोडलेल्या, टोळी हललेली. नवऱ्याचा फोन बंद. मुकादमाला तीन दिवस फोन करून गाव कळलं, तिकडच्या सिस्टरला सगळं सांगितलं, संध्याकाळीच जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रात्री त्या सिस्टरचा मेसेज आला, कार्डाचा फोटो. दुसऱ्या डोसच्या रकान्यात तारीख होती न कोपऱ्यावर उसाच्या चिकानं काळा पडलेला अंगठा.