कोरी चौकट

सकाळपासून डायनिंग टेबलावर नुसता कागदांचा पसारा. मी अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर; वर्क परमिट नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. पण नवऱ्यासोबत जॉइंट टॅक्स रिटर्न भरायचं तर माझ्या नावापुढेही काहीतरी नंबर हवा. तो म्हणजे आयटीआयएन, सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा कर-नंबर. गंमत अशी की त्याच्या अर्जाचा डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नलाच जोडून पाठवायचा, आणि रिटर्नवर माझ्या नंबराची चौकट कोरी सोडायची. कोरी! "अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत" वाचत मोठी झालेली मी, पेन तिथे तीनदा टेकवलं.

अर्जासोबत मूळ पासपोर्ट टेक्ससमधल्या ऑस्टिनला पाठवायचा म्हटल्यावर आई फोनवर ओरडलीच, "पासपोर्ट पोस्टात टाकतेस? वेड लागलंय का?" शेवटी आयआरएसमान्य, म्हणजे तिथल्या कर खात्याने मान्यता दिलेला, एजंट गाठला. सोनार हिरा बघतो तसा त्याने पासपोर्ट बघितला, प्रतीला आपलं प्रमाणपत्र जोडलं आणि मूळ प्रत माझ्या हातात परत दिली. फी चांगलीच बसली. दिली मुकाट्याने.

टॅक्सच्या मोसमात नंबर यायला ९ ते ११ आठवडे. पोस्टातल्या काकूंनी पाकीट तोललं, सर्टिफाइड मेलची पावती दिली. ती सध्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे आहे.