शेफिल्डला जायचं तर सामन्याचा शनिवार गाठा

फुटबॉलचा उगम बघायचा म्हणून इंग्लंडला गेलेले बहुतेक जण लंडनमध्येच थांबतात. २६ ऑक्टोबर १८६३ ला ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, हे खरंच. ती इमारत आता नाही. त्या जागी ग्रँड कनॉट रूम्स उभी आहे. जवळच लाँग एकरवर मिळत्याजुळत्या नावाचा एक पब आहे आणि बरेच जण त्यालाच मूळ जागा समजून फोटो काढून परततात, तेवढं जपा. इथे अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ शेफिल्डसाठी ठेवा. लंडनमध्ये बैठक भरली तेव्हा शेफिल्डमध्ये सहा वर्षांचा जुना क्लब होता, छापील नियम होते, आणि दोन क्लबांमध्ये चांगलं वैरही जुंपलं होतं.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून थेट गाडी मिळते, साधारण दोन-सव्वादोन तास लागतात. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. ऐनवेळी काढाल तर खिसा रिकामा होतो. शेफिल्ड चढउतारांचं गाव आहे. नकाशावर दहा मिनिटांचं दिसणारं अंतर चढावर वीस मिनिटं खातं. बूट चांगले घाला आणि पावसाचं जाकीट मे महिन्यातही सोबत ठेवा.

नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी २४ ऑक्टोबर १८५७ ला शेफिल्ड एफसी काढला. आज अस्तित्वात असलेला हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. पुढच्या वर्षी त्यांनी नियम लिहून काढले. ते वाचताना मजा वाटते: हवेतला चेंडू हातांनी झेलायला परवानगी, हातांनी ढकलायलाही परवानगी, पण नडगीवर लाथ मारणं आणि पाय अडकवून पाडणं कुठल्याही परिस्थितीत वर्ज्य. प्रत्येक खेळाडूने स्वतःची एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी आणायची, म्हणजे कोण कुठल्या बाजूचा ते कळेल! पाच वर्षांनी लंडनमध्ये नडगीवरच्या लाथांवरूनच मोठा वाद झाला आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. तो प्रश्न शेफिल्डने आधीच निकाली काढला होता, हे आपण फार कमी वेळा ऐकतो.

ते हस्तलिखित बघायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका. क्लबने २०११ मध्ये आपल्या जुन्या कागदपत्रांचा लिलाव केला आणि त्याला पावणेनऊ लाख पौंडांहून जास्त किंमत आली. क्लबही आता शहरात नाही, लगतच्या डर्बीशर परगण्यात ड्रॉनफिल्डला खेळतो. शेफिल्डहून रेल्वेने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता. मैदान साधंच आहे, शेजारी पब.

खरी जागा सँडीगेट. शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूलच्या चढावर. मध्यवर्ती भागातून लॉज मूरकडे जाणारी बस पकडा आणि ड्रायव्हरला क्रॉसपूल सांगून ठेवा. हॅलम एफसी १८६० पासून इथेच आहे. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून याची गिनीजमध्ये नोंद आहे. २६ डिसेंबर १८६० ला शेफिल्ड आणि हॅलम इथे भिडले: जगातला दोन क्लबांमधला पहिला सामना. शेफिल्डने तो २-० असा जिंकला.

मैदानाला उतार आहे, तोही चांगलाच. कठड्याला टेकून उभं राहिलं की खेळाडू तुमच्यापासून हातभर अंतरावर थ्रो घेतो, त्याचा श्वास ऐकू येतो. मी गेलो त्या दुपारी वरच्या बाजूने मारलेला एक लांब पास उताराला लागला आणि थांबायचं नावच घेईना. बचावपटू धावत सुटला आणि शेवटी त्याने तो कॉर्नरला घालवला. शेजारचे आजोबा बचावपटूच्या नावाने करवादले. मी मात्र त्या कॉर्नरकडे डोळे भरून बघत होतो. कॉर्नर किक शेफिल्डच्या नियमांतून आली. लंडनने ती १८७२ मध्ये उचलली. कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांत जी ईर्षा असते, तिचंच थोरलं भावंड मला त्या कठड्याशी भेटलं.

ब्रॅमॉल लेन हे मैदान शेफिल्ड स्टेशनवरून चालत गाठता येतं. १८५५ मध्ये हे क्रिकेटचं मैदान म्हणून सुरू झालं. २९ डिसेंबर १८६२ ला इथला पहिला फुटबॉल सामना झाला, तेही पुन्हा शेफिल्ड आणि हॅलम. सामना गोलशून्य सुटला, पण मध्येच क्रेसविक आणि हॅलमचा वॉटरफॉल यांच्यात जुंपली, आणि शिक्षा म्हणून वॉटरफॉलला गोलमध्ये उभं केलं! सामना होता लँकेशरच्या उपाशी गिरणी कामगारांच्या मदतीसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस अडला होता, गिरण्या बंद पडल्या होत्या. त्याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या घरी पैशाचा पूर आणला. हे माहीत असताना त्या मैदानावर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. आत जायचं तर स्टेडियमची टूर आधी ऑनलाइन आरक्षित करा. सामन्याच्या दिवशी ती मिळेल असं धरून चालू नका.

जाताजाता क्रुसिबल थिएटरवरूनही चक्कर मारा. स्नूकरवाल्यांना ते ठाऊक असेलच. त्या जागी पूर्वी अ‍ॅडेल्फी हॉटेल होतं आणि १८६७ मध्ये तिथे वेन्सडे या क्रिकेट क्लबने (आजचा शेफिल्ड वेन्सडे) फुटबॉल सुरू करायचं ठरवलं.

नियोजनाचं म्हणाल तर ऑगस्ट ते एप्रिल यातला शनिवार बघा. सामने बहुतेक दुपारी तीनला असतात. वेळापत्रक क्लबच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा तपासा, कारण पावसाने मैदान भिजलं की सामना सरळ रद्द होतो. दोन्ही क्लब एकाच दिवशी घरच्या मैदानावर असतील तर सँडीगेट निवडा आणि ड्रॉनफिल्ड दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून बघा. हातात आणखी एक दिवस असेल तर मँचेस्टरचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय तासाभराच्या रेल्वे प्रवासावर आहे. परदेशी पाहुण्यांना तिथे तिकीट काढावं लागतं.