सेसनाचं वजन आणि काट्याचा कागद: माझा अनुभव

विमानाचं वजन करणं हे तसं एका सकाळचं काम. आमचं घोडं अडलं ते वजनकाट्याच्या कागदावर, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

सोलापूरला होटगी रोडच्या विमानतळावर आमची चार सीटची सेसना 172 होती. (विमानतळ म्हटलं की लोक अजून आधी शेजारच्या साखर कारखान्याच्या चिमणीचंच विचारतात. ती 2023 च्या जूनमध्ये पाडली हो!) विमानाला नवा रंग दिला होता, रेडिओ बदलला होता. रंगालाही वजन असतं, तेव्हा रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचा तोल सावरतो तो) नव्याने काढणं आलंच. विमान धुऊन वाळवलं, सामानाची यादी ताडली, टाक्या ड्रेनमधून रिकाम्या केल्या. इथे कंटाळा करू नका. दहा लिटर पेट्रोल टाकीत राहिलं तर सात किलोच्या वर फरक पडतो.

तीन चाकांखालचे तीन प्लॅटफॉर्म आणि त्यांचा डिस्प्ले भाड्याने आला. पेटीतच कॅलिब्रेशनचं, म्हणजे काटा तपासून बरोबर असल्याचं, सर्टिफिकेट. उजव्या प्लॅटफॉर्मच्या पाटीवर नंबराचा शेवटचा आकडा 7, कागदावर 1. झालं! आमचे क्वालिटीवाले म्हणाले, "नंबर जुळत नाही म्हणजे आपल्या लेखी हा काटाच नाही." त्यांचं चूक नव्हतं. उद्या ऑडिटला कोणी विचारलं तर सही माझी.

सर्टिफिकेट देणाऱ्या लॅबला फोन केला. "मेल करा." मेल केला. उत्तर आलं, पाटीचा फोटो पाठवा. पाठवला. मग म्हणे फोटोत आकडा स्पष्ट नाही. पाटीवर कोणीतरी कधीकाळी पिवळा रंग फासलेला; थिनरच्या बोळ्याने हळूहळू पुसून, तिरपा बॅटरीचा उजेड टाकून परत फोटो काढला. त्यावर, "सही करणारे सर रजेवर आहेत." ते आल्यावर नवंच निघालं: "काटा परत लॅबला पाठवा, पुन्हा तपासावा लागेल." अहो, टायपिंग तुमचं चुकलंय, काटा नाही! काटेवाला लॅबकडे बोट दाखवायचा, लॅब काटेवाल्याकडे. इकडे विमान टाक्या रिकाम्या करून शेडमध्ये, आणि शिकणारी पोरं रोज दारात, "सर, आज तरी?"

शेवटी मी एकच विचारलं: तपासताना हाताने भरलेली वर्कशीट असेल ना, तीत कुठला नंबर आहे? वर्कशीटमध्ये 7 च होता. त्याच संध्याकाळी सुधारित सर्टिफिकेट आलं. तेव्हा वाद घालू नका, थेट वर्कशीट मागा. आणि काटा निघायच्या आधीच कागदाचा आणि सगळ्या पाट्यांचा फोटो मागवून घ्या.

पुढचं सुरळीत. शेपटीच्या डाव्या बाजूला दोन लेव्हलिंग स्क्रू असतात, त्यांवर पाणसळ धरायची. बुडबुडा मध्ये येईना, म्हणून नाकाच्या टायरची हवा थोडीथोडी सोडली. फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत) ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण, तिथून चाकांच्या मध्यापर्यंत माप. हे माप दोघांनी वेगवेगळं घ्यावं. प्रत्येक चाकाचं वजन गुणिले ते अंतर, त्यांची बेरीज भागिले एकूण वजन, की गुरुत्वमध्य मिळाला. नाकाचं चाक फायरवॉलच्या पुढे येतं, त्याला वजाचं चिन्ह विसरू नका. टाकीच्या तळाशी राहणारं, इंजिनला वापरता न येणारं पेट्रोल गणितात मिळवायचं.

आकडे हलायला लागले तेव्हा आमचे हेल्पर मामा म्हणाले, "साहेब, वारं सुटलंय की." दार पुरतं बंद नव्हतं. विमानाचा पंखच आहे तो, वारा लागला की उचल घेणारच. दार लावलं, आकडे बसले. हो, ब्रेक सोडलेले हवेत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर, आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे सीट सगळ्यात पुढे. डिस्प्लेही आधी चालू करून तापू द्यावा.

वजन अपेक्षेप्रमाणे वाढलं, गुरुत्वमध्य मर्यादेत निघाला. नंतर लॅबचं बिल आलं, त्यात एक ओळ: सुधारित सर्टिफिकेटचं शुल्क. ते मी भरलेलं नाही.