शेलूच्या पुढचं स्टेशन

शनिवार, रात्री पावणेबारा

बाबांनी आज पुन्हा ती पिशवी काढली. साडीच्या दुकानातली जुनी पिशवी, एक बंद उसवलेला. आत आजोबांचा गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या चिठ्ठ्या, मृत्यूचा दाखला, आणि बाबा वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्याच्या तीन झेरॉक्स. पासावरच्या फोटोला कसर लागलीय. आजोबांचा एक कान आणि टोपीची कड तेवढी शाबूत आहे. तिकीट नंबर मात्र अजून स्वच्छ वाचता येतो.

पावसाळ्यात कागद एकमेकांना चिकटतात म्हणून दर श्रावणात हे सगळं पंख्याखाली मांडायचं, वर वाट्या-चमचे ठेवायचे. मीही बसले सोबत. एका अर्जाच्या प्रतीवर 'मूळ गाव' असा रकाना दिसला. बाबांनी त्यात गावाचं नाव आणि 'ता. संगमेश्वर' लिहिलंय. बाबांचा जन्म केईएममधला, शाळा परळची, नोकरी भायखळ्याला. गावी जाणं शिमग्याला आणि गणपतीला. तरी रकान्यात संगमेश्वर. त्यांना काय हसू, कुणी 'गाव कुठलं?' विचारलं की मीसुद्धा तेच सांगते. आणि तिथल्या विहिरीतून मला धड एक कळशी वर काढता येत नाही.

पुढच्या आठवड्यात सोळा ऑगस्ट. कवी नारायण सुर्वे गेले ती तारीख, २०१० साल. दरवर्षी या सुमारास मी त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह खाली काढते. आज रकान्यावर बोट ठेवल्या ठेवल्या डोक्यात आलं, सुर्वे मास्तरांनी इथे काय लिहिलं असतं?

कागदोपत्री त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९२६ चा. कागदोपत्री म्हणायचं, कारण ते रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं. गंगाराम आणि काशीबाई, दोघंही गिरणीत. काशीबाई कमला मिलमध्ये. दोघांनी त्याला नाव दिलं, आडनाव दिलं, चौथीपर्यंत शाळेत घातलं. मग १९३६ च्या सुमारास गंगाराम निवृत्त झाले आणि गिरणगावातला कुठलाही कामगार जे करायचा तेच त्यांनी केलं: वळकटी बांधली नि कोकणात निघून गेले. जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले.

हे दहा रुपये मला कॉलेजात असल्यापासून खुपतात. आधी उचलून आणायचं, वाढवायचं आणि मग दहा वर्षांच्या पोराला मुंबईत सोडून जायचं. आज बाबांना म्हटलं तसं. ते फंडाच्या चिठ्ठीची घडी उलगडत होते, मान वर न करता म्हणाले, "बाय, नेणार कुठं त्याला? गावाला भावकी असते. घरात वाटा कुणाचा, जमिनीत वाटा कुणाचा. हा कोण म्हणून विचारलं तर काय सांगणार?"

गंगारामांच्या मनात काय होतं ते बाबांना ठाऊक असायचं कारण नाही. पण भावकी त्यांना ठाऊक आहे. आमच्या गावच्या घरात पडवीच्या दोन वाशांवरून तीन चुलत घरांत अबोला आहे, तिथे सापडलेल्या पोराला कोण पाट मांडणार होतं? इतकी वर्षं मी त्या गोष्टीतली मुंबई निष्ठुर धरून चालले होते. गावाकडे बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी पाऊस उघडला तसं दोघं पाय मोकळे करायला निघालो, काळाचौकीहून भारतमाता, तिथून करी रोडचा पूल उतरून लोअर परळ. बाबांसोबत चालायचं म्हणजे दर दहा पावलांना जे नाही ते बघायचं. इथे खानावळ होती, घाटावरची बाई चालवायची. इथे गावकऱ्यांचा गाळा, एका खोलीत तीस जण, पाळीपाळीने झोपायचे. एकजण पाळीवर गेला की दुसरा त्याच्या वळकटीवर. गाळ्यात पेटी, पेटीत हिशेबाची वही, वहीत गावच्या देवळाची वर्गणी. म्हणजे परळमध्ये राहून माणसं हिशेब गावचा लिहीत होती.

कमला मिलच्या आवारात आता कचेऱ्या आणि हॉटेलं. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री इथल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा 'कमला मिल' हे नाव पुन्हा पहिल्या पानावर आलं होतं. आम्ही गेटापाशी उभे राहिलो. आतून गाण्याचा ठोका ऐकू येत होता. सुटलेल्या पाळीच्या बायकांच्या घोळक्यात काशीबाईही याच रस्त्याने घरी जात असतील, कडेवर ते पोर घेऊन किंवा न घेऊन. बाबांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ." चहा वीस रुपये झालाय.

पोरक्या झालेल्या पोराने पुढे याच दोन मैलांत सगळं केलं. घरगडी, हॉटेलात पोऱ्या, हमाली, गिरणी, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच शिकून त्याच खात्यात शिक्षक. 'मास्तर' तिथून चिकटलं. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आलं. पुढे १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९९८ ला पद्मश्री. त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आहे, 'मास्तरांची सावली'. ज्यांना सुर्वे आवडतात त्यांनी तेही वाचावं. कवितेत जे घर येतं त्या घरातला रॉकेलचा हिशेब कोण ठेवत होतं, ते कळतं.

बाबांनी त्यांना एकदा ऐकलंय. कामगार मैदानात की चाळीच्या पूजेला, ते नक्की आठवत नाही. "वाचत नव्हते गं, बोलत होते. आपल्याशीच भांडतायत असं वाटायचं." यापलीकडे बाबांना कवितेतलं काही सांगता येत नाही. मला तरी कुठे याहून नेमकं सांगता येतं?

घरी येताना मी म्हटलं, उद्या नेरळला जाऊ या का? सुर्वे उतारवयात तिथे राहायला गेले होते. बाबा आधी म्हणाले, मेगाब्लॉक असेल. मग म्हणाले, लवकर निघू.

रविवार, रात्री

सकाळी दादरहून कर्जत फास्ट. खिडकी बाबांना. ठाण्यापर्यंत ते पेपर वाचत होते, कल्याणनंतर मी त्यांना चोराची गोष्ट सांगितली. त्यांनी बातमी वाचली होती, तरी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

जुलै २०२४ ची गोष्ट. नेरळच्या त्या घरात आता मास्तरांच्या मुलीचं कुटुंब राहतं. ते काही दिवस बाहेरगावी गेलेले. बंद घर बघून चोर शिरला, टीव्ही आणि आणखी काय काय उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं न्यायला परत आला तेव्हा त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे आणि सन्मानचिन्हांकडे गेली. घर कुणाचं ते कळलं. त्याने नेलेलं सामान परत आणून ठेवलं, टीव्हीसकट, आणि भिंतीला चिठ्ठी चिकटवली: घर नारायण सुर्व्यांचं आहे हे माहीत नव्हतं, माफ करा.

"म्हणजे दहावीपर्यंत तरी शिकलेला असणार," बाबा म्हणाले. मी हसले, पण ते गंभीरपणे बोलत होते. दहावीच्या पुस्तकात 'दोन दिवस' आहे ना. नववीत शाळा सोडली असती तर टीव्ही गेला असता.

मला त्या चोराचं तिसऱ्यांदा येणं जास्त आवडतं. चिठ्ठीबद्दल सगळ्यांनी लिहिलं, पण रात्री टीव्ही डोक्यावर घेऊन चोरीच्या घरी परत जायचं म्हणजे पकडलं जायची शक्यता दुप्पट. तेवढी जोखीम कवितेसाठी कोण घेतं? आमच्या ऑफिसात तर पुस्तक नेलेलं परत करत नाहीत.

बदलापूरनंतर डबा रिकामा झाला आणि उजव्या हाताला डोंगर सोबत चालायला लागले. भातं लावून झालेली, खाचरं तुडुंब. वर उतारावर नाचणी-वरीचे पट्टे, त्यात दोन बाया वाकून बेणणी करत होत्या, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी. गाडी पुढे गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. 'डोंगरी शेत माझं गं' आठवणं भागच होतं. बायकांच्या मोर्च्यांत, शिबिरांत वर्षानुवर्षं गायलेलं गाणं, आणि ते लिहिलंय कुणी, तर ज्याच्या नावावर कधी वीतभर डोंगर नव्हता त्या परळच्या मास्तरांनी. कुठून आलं त्यांच्याकडे ते शेत? मला वाटतं, गाळ्यांतून आणि चाळींतून. कोकणातून, घाटावरून आलेली हजारो माणसं रात्री पाळीवरून परतून शेताबद्दलच बोलत असणार: पाऊस किती झाला, बेणणी कुणी केली, सावकाराने काय केलं. ज्या पोराला गावाला नेलं नाही, त्याला गाव असं रोज कानावर पडत होतं.

वांगणी गेलं. मग शेलू. बाबा एकदम सरळ बसले.

आमच्या घरात शेलू हा शब्द गेली दोन वर्षं वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. गिरणी कामगारांना आणि वारसांना शेलू-वांगणीला ८१ हजार घरं द्यायची अशी योजना २०२४ मध्ये आली. मुंबईतच घर द्या म्हणून ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात कामगार आणि वारस जमले, तेव्हा बाबाही पिशवी घेऊन गेले होते. दिवसभर पावसात होते. पिशवीला दोन प्लॅस्टिकची वेष्टनं, स्वतःला एकही नाही.

गाडी शेलूला मिनिटभर थांबली. बाबांनी फलाट बघितला, पलीकडचं भात बघितलं, डोंगर बघितला, मग घड्याळ बघितलं. "दादरपास्नं एवढा वेळ," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हवा चांगली आहे." हे तक्रारीच्या सुरात होतं. हवा वाईट असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

पुढचं स्टेशन नेरळ. गिरणगावातला सगळ्यात नावाजलेला माणूस आपल्या पायाने इथवर आला, आणि इथून एक स्टेशन अलीकडे यायला बाबा तयार नाहीत. मी हे मोठ्याने बोलले, चुकलंच. बाबांचं उत्तर तयार होतं. "ते आले. आम्हाला पाठवतायत."

नेरळला उतरलो. माथेरानची छोटी गाडी पावसात बंद असते. १९०७ साली सुरू झालेले तिचे दोन फूट रुंदीचे रूळ गवतात ओले पडले होते. बाबांनी एका रुळावर पाऊल ठेवून रुंदी मोजली. ढगात पेबचा किल्ला दिसला न दिसला असा. बाजारातून चक्कर मारली, वडापाव खाल्ला. मास्तरांच्या घराकडे गेलो नाही. बाबांनी विचारलं, बघायचं नाही का? पण तिथे लोक राहतात. रविवारी दुपारी कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचं, चोराची गोष्ट वाचून आलो?

गावातून चालताना एक मात्र कळल्यासारखं वाटलं. डोंगर इतका जवळ आहे की प्रत्येक गल्लीच्या टोकाला तोच दिसतो. आणि दर थोड्या वेळाने लोकलचा आवाज येतो. भोंग्यावर आयुष्य मोजलेल्या माणसाला इथे अगदीच चुकल्यासारखं झालं नसेल.

परतताना स्टेशनबाहेर एक ठाकरीण करटोली घेऊन बसली होती. सागाच्या पानावर वाटे लावलेले, पन्नासला एक. मी घासाघीस करणार तोच बाबांनी शंभराची नोट काढून दोन वाटे घेतले. पिशवी नव्हती, तिने पानाचीच पुडी बांधून दिली, वेलीच्या तुकड्याने.

"कुठलं तुम्ही?" तिने विचारलं.

"परळ," बाबा म्हणाले.

"ती मुंबई झाली. गाव कुठलं?"

बाबा संगमेश्वर म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते सुटे पैसे मोजल्यासारखं करत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "परळच."

तिने मान हलवली, एक करटोलं वर घातलं.

परतीच्या गाडीत बाबा शेलू यायच्या आधीच झोपले, पुडी मांडीवर. आता दहा वाजलेत. पिशवी कपाटावर गेली. कागद पुरते वाळलेले नाहीत, उद्या पुन्हा पंखा लावायला लागणार. करटोली मी ओट्यावर चिरायला घेतलीत. निम्मी जून निघाली, बिया काढत बसायला हवं.