तुम्ही विचारलंत म्हणून : ही रांग आहे कुठे?

"इतकी वर्षे अमेरिकेत राहिलात, मग रांगेत उभे राहून रीतसर कागदपत्रे का करून घेतली नाहीत?" न्यू जर्सीतली मराठी मंडळी मला हे नेहमी विचारतात. त्यांतल्या अनेकांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येऊन ग्रीनकार्डाची वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असल्यामुळे त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

माझे बाबाही त्याच व्हिसावर आले होते. मी सात वर्षांची असताना आम्ही साताऱ्याहून आलो. २००१च्या मंदीत त्यांची नोकरी गेली, आणि आज मिळते ती ६० दिवसांची मुदत तेव्हा नसल्यामुळे त्यांच्याबरोबर आईचा आणि माझाही येथे राहण्याचा हक्क संपला. दुसरी नोकरी मिळेल या आशेवर ते थांबले, आणि मग परतीची वाट १९९६च्या कायद्याने अडवली : परवानगीशिवाय वर्षभर राहिलेला माणूस देशाबाहेर गेला, तर त्याला १० वर्षे परत येता येत नाही. आजी गेली त्या रात्री, साताऱ्यात काकांनी सगळे विधी उरकेपर्यंत, बाबांनी कानाचा फोन काढला नाही.

शाळेने मला कधी व्हिसा विचारला नाही, कारण अशा मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिला होता. त्या निकालाचे ऋण मी मानते. मंडळाच्या गणपतीत आरती म्हणताना मी सगळ्यांतली एक असे. प्रसादाच्या वेळी व्हिसाच्या गप्पा निघाल्या, की आई आणि मी ताटे आवरायला उठत असू.

आपली म्हणावीत अशी माणसे मला कॉलेजात भेटली. मेक्सिको आणि एक्वाडोरहून लहानपणी आलेली ती मुले, आपल्याकडे कागद नाहीत आणि भीतीही नाही, हे भर सभेत स्वतःचे नाव घेऊन सांगत. १५ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना तात्पुरते राहू आणि काम करू देणारी 'डाका' योजना जाहीर केल्यावर, २००७पासून येथेच राहत असल्याचा पुरावा म्हणून शाळेची प्रगतिपुस्तके लावून मी त्यांच्याच शेजारी बसून अर्ज भरला. हाती आलेल्या कामाच्या परवान्यावर 'सी३३' असा या योजनेचा शिक्का आहे. तो दोन वर्षे चालतो, मग पुन्हा अर्ज. ग्रीनकार्डाकडे मात्र तो नेत नाही.

आम्हा मुलांसाठी रांग सुरू करणारे 'ड्रीम' विधेयक बाबांची नोकरी गेली त्याच वर्षी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, प्रथम मांडले गेले आणि अजूनही मंजूर झालेले नाही. तुमच्यापैकी जे आता येथले नागरिक आहेत, त्यांनी 'ही रांग आहे कुठे?' हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा, अशी माझी विनंती आहे. मला अजून मत देता येत नाही.