लाही आणि मुका खांब

भाचीचे लग्न ठरले तेव्हा रुखवताच्या वस्तूंची वाटणी घरातल्या बायकांनी फोनवरच करून टाकली आणि माझ्या वाट्याला क्रोशाचा एक गोल रुमाल आला. हे काम माझ्याकडे येण्याचे कारण एवढेच, की दहा-बारा वर्षांपूर्वी मी मोबाइलसाठी एक पिशवी विणली होती आणि अशा बाबतींत घरच्यांची स्मरणशक्ती फार चांगली असते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब, असे चढत्या उंचीचे मूळ टाके एवढीच माझी पुंजी होती. साधा रुमाल विणून सुटता आले असते. पण त्याच आठवड्यात नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेले असता तिने ट्रंकेच्या तळातून एक पांढरा रुमाल काढून माझ्या हातात ठेवला आणि त्यावरून बोट फिरवताच साध्या रुमालाचा विचार मी सोडून दिला.

तो रुमाल पूर्वी तिच्याकडे रेडिओवर असे. आतोबा एम्प्रेस मिल या कापडगिरणीत होते. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या पाळ्यांवर या भागातल्या कितीतरी घरांचे घड्याळ चाले, आणि आतोबांची रात्रपाळी असली की आत्या जागरणाला सोबत म्हणून क्रोशा घेऊन बसे. रुमालाच्या मधोमध चक्र होते आणि त्याभोवती फुगीर दाण्यांची तीन वलये. दाणे इतके टणक की धुऊन धुऊन दोरा पिवळा पडला तरी एकही दाणा बसलेला नव्हता. हल्ली याला सगळे पॉपकॉर्न टाका म्हणतात. आत्या त्याला लाही म्हणते. मलाही तेच नाव पटते, कारण फुटलेल्या लाहीसारखाच हा टाका एका बाजूने गोल आणि मागच्या बाजूने पोकळ असतो.

लाहीची कृती ऐकायला अगदी सोपी आहे. एकाच टाक्यात पाच पूर्ण खांब विणायचे, मग सुईवरचा लूप जरा लांब ओढून सुई त्यातून चक्क बाहेर काढायची. नवशिक्या हाताला खरी धास्ती वाटते ती इथे, कारण सुई निघालेली असताना सगळी मेहनत त्या एका मोकळ्या लूपावर लोंबत असते आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी दाराची बेल वाजवते. पाचांपैकी पहिल्या खांबाच्या डोक्यातून सुई पुढून मागे घालायची, सोडलेला लूप आकड्यात पकडायचा आणि त्या डोक्यातून ओढून घ्यायचा. रांगेत उभ्या असलेल्या पाच खांबांची दोन टोके अशी एकमेकांना भिडली की मधल्या तिघांना बाहेर फुगण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वर एक साखळी घालून तोंड आवळले की लाही तयार होते.

याच टाक्याचे दोन भाऊबंद आहेत आणि पहिले काही दिवस मी तिघांची खिचडी करत होते. बॉबलमध्ये खांब पूर्ण करायचेच नाहीत. प्रत्येकाचा शेवटचा लूप सुईवर राखून ठेवायचा आणि पाच अपुरे खांब व मूळचा एक असे सहा लूप जमले की एका दमात सगळ्यांतून दोरा ओढायचा. पफमध्ये तर खांबही नसतात; वेढा घेऊन एकाच टाक्यातून लांब लांब लूप तीन-चार वेळा काढायचे आणि सगळे एकदम बंद करायचे. पफ मऊ आणि लोळणारा होतो, बॉबल अर्ध्या सुपारीसारखा दिसतो, आणि लाही मात्र बाजूंनी सुटी राहून वाटीसारखी उभी राहते. बाळाच्या स्वेटरला पफ शोभतो हे मान्य केले, तरी वर्षानुवर्षे घड्या सोसणाऱ्या रुमालाला लाहीच हवी, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

शिकायला सुरुवात केली ती मे महिन्यात, हा माझाच अविचार. नागपूरचा मे म्हणजे दुपारी पारा पंचेचाळिसाकडे आणि कुलरच्या पाण्याची दिवसातून दोनदा चिंता. घामेजलेल्या बोटावरून सुती दोरा सरकत नाही, तो अडतो. अडला की आपण ओढतो आणि ओढला की टाका आवळतो. माझ्या पहिल्या दहा-बारा लाह्या हरभऱ्याएवढ्या कडक झाल्या आणि त्यांच्या डोक्यात पुढच्या फेरीत सुई शिरेना. आत्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "काहून इतकं ओढून राहिलीस? दोरा आहे तो, दावं नाही." तिने माझ्या तर्जनीला पावडर लावली, दोरा करंगळीभोवती एकच वेढा देऊन मधल्या बोटावरून घ्यायला लावला आणि बारीक सुई काढून घेऊन हातात साडेतीन मिलिमीटरची जाड सुई व जाड सुती दोऱ्याची गुंडी दिली. सरावासाठी जाड दोराच बरा, कारण त्यात चूक लांबूनही दिसते. पुढे बारीक दोऱ्याकडे जाताना आकड्यांचा एक घोळ मात्र होतो. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, दहा नंबरपेक्षा वीस नंबरचा बारीक. स्टीलच्या सुयांचे नंबरही तसेच उलटे चालतात; मिलिमीटर मात्र सरळ असतात. दुकानात सुई मागताना मी म्हणूनच मिलिमीटरच सांगते.

आता मुख्य चुकीकडे येते, कारण हा टाका मला खऱ्या अर्थाने समजला तो तिच्यामुळेच. आत्याच्या रुमालाची कृती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून तिच्याशी मिळतीजुळती अशी जुनी छापील इंग्रजी कृती मी मिळवली आणि मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंवरून शिकलेल्या शब्दांनिशी ती विणू लागले. लाह्यांच्या मधल्या टाक्यांसाठी तिथे ‘डबल क्रोशे’ लिहिले होते. व्हिडिओतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, म्हणून मी खांब घातले. सहाव्या फेरीपर्यंत रुमालाची वाटी झाली. मेजावर ठेवला की कडा वर उचलल्या जात, आणि लाह्याही लाजऱ्या मुलीसारख्या खांबांच्या गर्दीत अर्ध्या लपलेल्या. मी तो मान खाली घालून आत्यापुढे ठेवला. तिची नजर आता अधू झाली आहे, सांध्यांच्या दुखण्यामुळे सुई धरवत नाही, पण तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक लाही धरली, मग तिच्या शेजारचा टाका धरला आणि विचारले, "मुका खांब कुठे गेला?"

मुका खांब तिथे नव्हताच. ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब आणि ‘ट्रेबल’ म्हणजे आपला खांब. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात आणि ‘डबल क्रोशे’ खांबाला. शब्द एक, उंची वेगळी. जुनी छापील कृती आणि नवा व्हिडिओ यांची सांगड घालणाऱ्या प्रत्येकीने हा शब्द आधी तपासायला हवा. कृतीत ‘सिंगल क्रोशे’ आढळले तर ती बहुधा अमेरिकन असते. आपल्या मराठी नावांत हा घोटाळा मुळातच होत नाही, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

पण आत्याच्या प्रश्नात नावांपलीकडचे काही होते. गोल विणताना मुक्या खांबाच्या फेरीत साधारण सहा टाके वाढवले की वर्तुळ सपाट राहते; खांब जवळजवळ दुप्पट उंच असल्याने त्याच्या फेरीत सुमारे बारा वाढवावे लागतात. मी उंची खांबाची घेतली होती आणि वाढ मुक्या खांबाची, म्हणून घेर अपुरा पडला आणि वाटी झाली. लाहीचेही तसेच होते. तिचे पाय एका टाक्यात रोवलेले, डोके आवळलेले, आणि दोन्ही बाजूंना तिच्याहून बुटके शेजारी असले की वरची फेरी तिला खाली खेचते. उंच खांबांना मावायला जागा नसते, म्हणून ते समोर उसळतात. शेजारी तितकेच उंच असतील तर तिला उसळण्याचे कारणच राहत नाही. मी इतके दिवस लाही नीट यावी म्हणून लाहीशीच झटत होते आणि दोष तिच्या शेजारच्या टाक्यात होता. तेव्हापासून मी मुका खांब लाहीइतकाच मन लावून विणते: बुटका, सैलही नाही आणि आवळलेलाही नाही, असा.

सगळे उसवले. उसवण्यात एक फायदा झाला, तो म्हणजे एका लाहीला किती दोरा लागतो हे मोजता आले. त्या जाड दोऱ्यात एक लाही एक वीत आणि वर चार बोटे दोरा खात होती, तर मुक्या खांबाला जेमतेम दोन बोटे पुरत होती. हा हिशेब मी वेळेवर मनावर घेतला असता तर पुढची फजिती टळली असती. रुखवताच्या रुमालासाठी इतवारीतून दहा नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याच्या गुंड्या आणल्या, त्या साध्या विणीच्या अंदाजाने. तिसऱ्या वलयात दोरा संपला. दुसऱ्यांदा आणलेली गुंडी पांढरीच होती, पण पहिल्या पांढऱ्याशेजारी निळसर दिसत होती. वेष्टनावर लॉटचा नंबर छापलेला असतो आणि पांढऱ्यातही तो जुळवून घ्यायचा असतो, हे मी तेव्हा शिकले. शेवटचे वलय उसवून नव्या दोऱ्याने पूर्ण वलय आणि काठ विणला, म्हणजे रंगाचा फरक ठरवून केल्यासारखा वाटेल. बघणाऱ्यांना तसाच वाटला. मी कोणाला काही सांगितले नाही.

त्याआधी वाटीच्या उलट प्रकारही होऊन गेला होता. पहिल्या वलयात बारा लाह्या आणि त्यांच्यामध्ये बारा मुके खांब, असे चोवीस टाके असायला हवे होते. लाही बंद करणारी साखळी ही लाहीचेच डोके असते, तिचा वेगळा टाका धरायचा नसतो. मी तो धरला आणि पुढच्या फेरीत चोवीसाचे छत्तीस झाले. रुमालाला झालर आली. आत्या मनापासून हसली, "वाटी झाली, झालर झाली, आता रुमाल होऊ दे." त्यावर तिने उपायही सांगितला. प्रत्येक लाहीच्या साखळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायचा आणि पुढच्या फेरीची सुई फक्त तिथेच घालायची. निळे, लाल तुकडे लटकवलेला तो रुमाल आठवडाभर नवस फेडायच्या झाडासारखा दिसत होता, पण मोजणी पुन्हा चुकली नाही. निदान मला तसे वाटले.

सरळ ओळींत विणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. गोल रुमालात सुलट बाजू कायम आपल्यासमोर असते, म्हणून सुई नेहमी पुढून मागे जाते. उशीच्या अभ्र्यासारखे काम पलटून विणताना मात्र उलट बाजूच्या ओळीत सुई पहिल्या खांबातून मागून पुढे घालावी लागते, तरच लाही सुलट बाजूला फुगते. नाहीतर निम्म्या लाह्या अभ्र्याच्या आत तोंड लपवून बसतात. आणखी एक अडचण वलयाच्या आरंभी येते. तिथे खांबाऐवजी तीन साखळ्या घालतात आणि त्या एक खांब म्हणून धरल्या जातात, त्यामुळे पहिल्या लाहीत साखळ्यांनंतर चारच खांब घालायचे आणि सुई तिसऱ्या साखळीच्या डोक्यातून घ्यायची. ही लाही इतरांपेक्षा किंचित सडपातळ दिसते, त्याला इलाज नाही.

तिसरे वलय दिवाळीच्या सुमारास पूर्ण झाले. बारा, चोवीस आणि छत्तीस मिळून बहात्तर लाह्या झाल्या. क्रोशाला इस्त्री करण्याची सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा, कारण वरून इस्त्री फिरली की लाहीची पुरी होते. आत्याच्या पद्धतीप्रमाणे साबुदाण्याची पातळ खळ केली, गाळून घेतली, रुमाल त्यात बुडवून अलगद दाबला आणि जाड टॉवेलवर सुलट बाजू वर ठेवून कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावल्या. ओला असतानाच प्रत्येक लाही मागून करंगळीच्या टोकाने वर ढकलायची आणि दोन बोटांत धरून तिला गोल आकार द्यायचा. बहात्तर लाह्यांना अर्धा तास लागला. नागपुरात थंडीचे कोरडे वारे सुटले होते, त्यामुळे रात्रीत रुमाल खडखडीत वाळला.

दुसऱ्या दिवशी तो आत्याकडे नेला. तिने मांडीवर जुना रुमाल ठेवला, त्यावर नवा ठेवला आणि डोळे मिटून एकेका वलयावरून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिले वलय झाले, दुसरे झाले. तिसऱ्याच्या आरंभी बोट थांबले, एक लाही मागे गेले आणि परत तिथेच आले.

"हिच्यात चारच आहेत," ती म्हणाली.

मी खिडकीजवळ नेऊन मोजले. तीन साखळ्या आणि त्यांच्यापुढे तीन खांब. रंगाचा फरक लपवायच्या नादात ते वलय पुन्हा सुरू केले होते, त्याच घाईत एक खांब राहून गेला होता. आता उसवायचे म्हणजे छत्तीस लाह्या आणि सगळा काठ, शिवाय खळ आणि टाचण्या पुन्हा. मी काही बोलायच्या आत आत्याने रुमालाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"राहू दे. त्या बाजूला लाडवाचं ताट ठेवजो."